देठाकडची फोड

"गोड हाय," आई म्हणाली, आणि गिळूनसुद्धा टाकलं.

जयराजच्या हातातली सुरी तशीच राहिली. मंगळवार होता, सकाळचे सव्वासात. सांगलीच्या विश्रामबागेतल्या त्याच्या घराच्या गच्चीवर नुकतं ऊन आलं होतं. द्राक्षाच्या जुन्या क्रेटांमधली मेथी, अर्ध्या कापलेल्या निळ्या पिंपांतली वांगी, सगळं ओलं होतं. त्यानं सालातला पहिला दुध्या काढला होता. हातभर लांब, पोपटी, अंगावरची लव अजून न झडलेली, नख दाबलं तर खूण उठेल असा. पहिली फोड आईची, हा घरचा नियम. पण आज तिचा गुडघा धरला होता, ती जिन्यात एकेक पायरी थांबून चढत होती, आणि त्याला दम निघाला नाही. देठाकडची पातळ चकती कापून त्यानं तोंडात टाकली, आणि जीभच मागं सरली. कडू म्हणजे कारल्यासारखं नाही, कारल्याच्या कडूला निदान चव असते. हे म्हणजे तापाची गोळी जिभेवर विरघळावी तसं, पार घशापर्यंत, कानामागपर्यंत. तो तुळशीच्या कुंडीमागं थुंकला, नळाला तोंड लावून चूळ भरली. तेवढ्यात आई वर आली, पदरानं कपाळ पुसलं, आणि सवयीनं हात पुढं केला. सांगायचं होतं त्याला, आई, कडू निघाला गं. पण बोलायच्या आधीच त्याच्या हातानं दुसरी चकती कापली आणि तिच्या तळव्यावर ठेवली. तिनं डोळे मिटले. चव बघताना ती डोळे मिटायचीच, देवासमोर उभी राहिल्यासारखी. चावलं, गिळलं, म्हणाली, "गोड हाय. नुसतं खोबरं हाय बग." आणि मेथीला पाणी घालायला गेली. तो तिच्या पाठीकडं बघत राहिला. मग दुध्या खताच्या पिंपात टाकून वर पालापाचोळा ओढला. खाली बायकोला, नीलिमाला, म्हणाला, आतनं किडका निघाला.

त्या दिवशी ऑफिसात त्याचं लक्ष लागलं नाही. पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात तो कारकून, समोर पाणीपट्टीच्या अर्जांचा ढीग, आणि जिभेच्या मुळाशी ते कडू अजून बसलेलं. तीन वेळा चहा घेतला तरी हललं नाही. त्याला एकच वाक्य परत परत ऐकू येत होतं. गोड हाय. ह्या दोन शब्दांवर तो दोन वर्षं जगला होता, हे त्यानं कुणाला सांगितलं नसतं. अंबूबाईनं, म्हणजे त्याच्या आईनं, चाळीस वर्षांत त्याला कधी चांगलं म्हटलं नव्हतं. दहावीला ब्याऐंशी टक्के पडले तवा म्हणाली होती, उरलेलं अठरा कुणाला देऊन आलास. नोकरी लागली तवा म्हणाली, खुर्चीतच बसायचं हाय न्हवं, त्येला काय अक्कल लागती. सांगलीत घर बांधलं, वास्तुशांतीला आली, भिंतीवर टिचकी मारून बघितली, आणि काही बोललीच नाही. आणि मग दोन वर्षांपूर्वी ती गावाहून, मेढ्याहून, एक पिशवी घेऊन कायमची राहायला आली. गच्चीवर चार कुंड्या होत्या, तिथं तिनं मळा उभा केला. माती कालवायला तो, पाणी घालायला तो, आणि पीक निघालं की पहिली फोड तिची. काकडी कापली, गोड हाय. गवारीची शेंग मोडली, गोड हाय, कवळी हाय. टोमॅटो, मुळा, कच्चं वांगंसुद्धा ती चावून बघायची. गोड हाय. तो वर बघायचा, आकाशाकडं वगैरे, म्हणजे तोंडावरचं हसू दिसायला नको. एवढा मोठा बाप्या माणूस, आणि आईनं वांगं बरं आहे म्हटलं की दिवसभर शीळ घालत फिरायचा. आणि ते वांगं बरं आहे की नाही ते तिला कळतच नव्हतं. दगड दिला असता तरी म्हणाली असती.

ह्या जागी येऊन त्याचं डोकं अडकायचं, आणि अडकलं की थेट मेढ्याच्या परसात जाऊन पडायचं. तो नऊ वर्षांचा, वडील मिलिट्रीत, जम्मूकडं कुठं तरी. परसात काकडीचा मांडव. त्यात एका काकडीला लाल चिंधी बांधलेली. चिंधी बांधली म्हणजे ती बियाण्याची, तिला हात लावायचा नाही, हे जावळीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. त्यालाही होतं. पण शाळेतनं भुकेला आला, घराला कडी, आणि ती काकडी पिवळीधमक, कोपरापर्यंतच्या हाताएवढी. त्यानं तोडून एक चावा घेतला, आणि आई शेतातनं आली. मारलं नाही तिनं. मारलं असतं तर विसरला असता. उंबऱ्यावर बसवलं, काकडी हातात दिली, आणि म्हणाली, "संपीव." तो म्हणाला आंबट लागतीया. ती म्हणाली, "साल पन." ती समोर उभी राहिली, कमरेला खुरपं, आणि तो खात राहिला. बुळबुळीत गर, टचटचीत बिया, शेवटी देठाकडचा कडूजहर तुकडा. "बी पोटात घातलंस. आता फुडल्या साली परसात काय लावू, तुला?" असं म्हणाली होती. मग त्याला धुण्याच्या दगडावर ओकारी आली. सगळी काकडी बाहेर आली. आणि आई चाळण घेऊन आली. त्याच्या पाठीवर हात नाही फिरवला, तोंड नाही पुसलं, तांब्यानं पाणी ओतत ओतत तिनं त्या ओकारीतलं बी वेचून घेतलं. धुतलं, राख चोळली, पोत्यावर वाळत घातलं. पुढच्या पावसाळ्यात ते उगवलं. मांडव वाकला एवढ्या काकड्या लागल्या, आल्यागेल्याच्या हातावर फोड ठेवून ती सांगायची, "खावा, जयाच्या पोटातनं आल्यात." लोक हसायचे. तोही हसायचा. त्यानंही खाल्ल्या, मीठ लावून, आणि त्या गोड होत्या. तेच त्याला कधी पचलं नाही. गोड नसत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचे जोतीराम अण्णा भिंतीपाशी दात घासत उभे होते. अण्णाही मिलिट्रीतले, आता रिटायर. सकाळी कृष्णेच्या घाटावर पोरांना पोहायला शिकवतात. पाठीला बांधायला वाळके भोपळे लागतात म्हणून दर दोन सालाला भिंतीवर कडू भोपळ्याचा वेल चढवतात. जयराजनं त्यांना विचारलं, दुध्या कडू कशानं निघतो.

"बी कुठलं? दुकानातलं?"

"न्हाई, घरचं. गेल्या सालच्या दुध्याला आईनं चिंधी बांधलीवती."

"मग झालं की. गेल्या साली माझा वेल हुता हितं भिंतीवर. माशी ह्या फुलावरनं त्या फुलावर. ती काय जात बघून बसती व्हय?" अण्णांनी पिचकारी टाकली. "म्हातारीला कळाय पायजे हुतं. कडू भोपळ्याशेजारचं बी कुनी धरत न्हाई. आनि ऐका, पोटात घालू नका कुनाच्या. माझ्या युनिटमधला एक गडी असल्या दुध्याचा रस प्याला, रक्त वकला. आठ दिस सलाइनवर. वेल उपटून टाका आजच्या आज."

"उपटतो," जयराज म्हणाला. आणि वर जाऊन त्यानं वेलाला पाणी घातलं. का घातलं ते त्याला विचारलं असतं तर म्हणाला असता, सवय. वेल जोरात होता. तीन दुध्ये लोंबत होते, बोटाएवढे आणखी पाचसहा. गच्चीवर आजवर एवढा देखणा वेल झाला नव्हता.

मग त्यानं तिला छळायला सुरुवात केली. हा शब्द त्यानं मनातसुद्धा वापरला नाही, मनात तो म्हणायचा, खात्री करून घेऊ. तिच्या ताकात दोन चमचे मीठ टाकलं. प्याली, मिशी पुसावी तसं ओठावरनं बोट फिरवलं, म्हणाली, "झ्याक." मोसंबीचा रस म्हणून कच्चं करकरीत ईडलिंबू पिळून दिलं, तेही प्याली. एकदा मेथीच्या भाजीत कडुनिंबाचा कोवळा पाला चिरून तिच्यापुढं ठेवला, तिनं भाकरीबरोबर खाल्ला. आणि गंमत म्हणजे त्याला मजा येत होती. ऑफिसातनं येताना तो सायकल मारत, आज काय द्यायचं, ह्याचा विचार करायचा. एखादं पोर मुंगळ्याचा एकेक पाय काढतं, तसं. रात्री मात्र जेवण जायचं नाही त्याला. आपल्याच ताटातलं त्याला कडू लागायचं.

आठवडा झाला तेव्हा त्याला एक गोष्ट दिसली. पोरगी शाळेत असली की आई चुकायची. अंकिता घरात असली की चुकायची नाही. अंकिता म्हणजे त्याची मुलगी, अकरा वर्षांची, सहावीतली. मग तो अंकिताकडं बघायला लागला. संध्याकाळी गच्चीवर काकडी कापली तर अंकिता आधी एक फोड उचलायची, तोंडात टाकायची, आणि आज्जीचा हात धरायची. एकदा दाबलं तर गोड. दोनदा दाबलं तर कडू. किती दिवस चाललं होतं कुणास ठाऊक. स्वयंपाकघरात तर ती सरळ आमटी चाखून म्हणायची, "आज्जी, मीठ कमी झालंय असं म्हणत होतीस ना तू?" आणि आज्जी म्हणायची, "व्हय गं बाई, घाल थोडं." नातीची जीभ आज्जीच्या तोंडात. त्याला हे बघून भरून यायला पाहिजे होतं. कुणालाही आलं असतं. त्याला राग आला. त्याला वाटलं, माझ्याच पोरीला हाताशी धरून ही मला दोन वर्षं फसवते आहे.

मेढ्याला त्यानं थोरल्या भावाला, हिंदुरावाला फोन लावला. इकडचं तिकडचं बोलून विचारलं, दादा, आईच्या जिभेला काय झालंय.

"तुला म्हाईत न्हाई व्हय रं?" हिंदुराव म्हणाला. "करोनात गेली की तिची चव. वासबी येत न्हाई. डाक्टर म्हनला यील माघारी, ती काय आली न्हाई. आमच्या म्हादूच्या बारशाला आमटी हिनं केली, नुसतं मिठाचं पानी. मान्सं पत्रावळीवरनं उटली. तुझ्या वैनीनं दुसऱ्या दिशी सांगितलं, आत्ती, तुमी आता चुलीम्होरं येऊ नका, बसून खावा. झालं. तवाच पिशवी भरली हिनं." मग थोडा थांबून म्हणाला, "ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच. तितं तिला काम हाय. हितं आली तर भित्तीकडं तोंड करून बसती बग."

फोन ठेवल्यावर त्याला वाटलं, आता संपलं. कळलं ते कळलं. आईला जवळ बसवून म्हणावं, असू दे गं, अंकिता चाखत जाईल. एवढं सोपं होतं. पण त्या घरात दुसरीही एक गोष्ट चालली होती. नीलिमा कॉलेजात शिकवायची. तिचं म्हणणं, अंकिताला आता अभ्यासाला वेगळी खोली पाहिजे, दिवाळीनंतर आईंना मेढ्याला सोडून येऊ. वाईट बाई नव्हती ती. म्हणायची आणि स्वतःच पुढं जोडायची, "पण मग गच्ची कोण बघणार? ह्यांना तर मुळ्यातलं नि गाजरातलं कळत नाही." आई शेजारच्या खोलीत ऐकत असायची. दुसऱ्या दिवशी पहाटेच गच्चीवर जायची, गुडघा धरून. भाजी आहे तोवर आपण आहोत, हे तिनं पक्कं धरलं होतं. आणि भाजी होती तिच्या जिभेवर. ती जीभ आता जयराजच्या मुठीत होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा आईचं काहीतरी त्याच्या मुठीत आलं होतं. मूठ उघडवेना.

गौरी-गणपती होऊन गेले होते. रविवारी साताऱ्याहून नीलिमाचा भाऊ रोहन आणि त्याची बायको माया जेवायला येणार होते. नीलिमा म्हणाली, सगळं गच्चीवरचं करू, त्यांना दाखवू तरी. दुध्ये एवढे लागलेत, काढत का नाही? तो म्हणाला, रविवारीच काढू, ताजे.

रविवारी सकाळी तो एकटाच वर गेला. आणि काय सकाळ होती. रात्री बारीक भुरभुर होऊन गेलेली, पानापानावर पाणी. त्यानं मेथीची जुडी मुळापाशी धरून उपटली तेव्हा मातीनं ती सोडताना जो आवाज केला, तो त्याला पार दंडापर्यंत जाणवला. वांग्याच्या देठाचा काटा बोटात घुसला, रक्ताचा थेंब आला, तो त्यानं चोखला. काकडी देठापासून वळवली की टचकन हातात येते, आणि अंगावरचे बारके काटे तळव्यात मोडतात, ते त्याला फार आवडायचं. मिरच्या, शेपू, चवळीच्या शेंगा. पाटी भरत गेली तसा तो सगळं विसरला, खरंच विसरला. आपण पेरलं, आपण काढलं, आता आपलीच माणसं खाणार, ह्यापलीकडं माणसाला काय लागतं, असं त्याला मनापासून वाटलं. मग त्यानं वर बघितलं आणि तीन दुध्ये काढले. सगळ्यांत जड, सगळ्यांत देखणे. पाटीत सगळ्यांत वर ठेवले.

खाली स्वयंपाकघरात आई पाटावर बसली होती, पुढ्यात विळी. अंकिता तिच्या मांडीला टेकून शेंगा मोडत होती. नीलिमा पोळ्या लाटत होती.

"अंकिता, जा, कोपऱ्यावरनं दही घेऊन ये," जयराज म्हणाला.

"दही आहे की घरात," नीलिमा म्हणाली.

"पुरणार नाही. जा गं."

अंकितानं आज्जीकडं बघितलं, मग दुध्याकडं. "आल्यावर चिरू या ना आज्जी," ती म्हणाली.

"तू जा," तो म्हणाला.

ती गेली. चपलांचा आवाज जिन्यावरनं खाली गेला. त्यानं दुध्या आईच्या पुढ्यात ठेवला. म्हणाला, "आई, बघ गं, कसा हाय." आईनं विळीवर देठाकडची चकती पाडली. तिचा हात थोडा थबकला, दाराकडं नजर गेली. मग तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. ती अलीकडं चव माणसांच्या तोंडावर वाचायची, हे त्याला माहीत होतं, म्हणून त्यानं तोंड कोरं ठेवलं. अगदी कोरं. पाणीपट्टीचा अर्ज घेताना ठेवतो तसं. तिनं डोळे मिटले.

"गोड हाय," ती म्हणाली.

"मग टाका आई, चणाडाळ भिजलीये," नीलिमा म्हणाली. ती स्वतः कधी चाखायची नाही. आईंनी बघितलं म्हणजे झालं. जयराज दारात उभा होता. आत्ता सांगू, असं त्यानं ठरवलं. फोडणी पडली. आता सांगू. डाळ पडली. झाकण पडलं. मग त्याला वाटलं, एक घास घेतील आणि थुंकतील, त्यात काय कुणी मरत नाही. सगळ्यांसमोर कळू दे एकदा. एकदाच.

टेबल चौघांचं, म्हणून हॉलमध्ये सतरंजीवर पंगत मांडली. अंकिता दही घेऊन आली ती आज्जीला चिकटून बसली. मेथी, भरली वांगी, चवळी, काकडीची कोशिंबीर, वाटीत दुध्याची डाळ. रोहन गडी बोलका. "दाजी, भाजीवाल्यांच्या पोटावर पाय दिला तुम्ही," म्हणाला. माया वांग्याचं कौतुक करत होती. जयराजनं वाढून घेताना दुध्याची वाटी बाजूला सरकवली, कुणाच्या ध्यानात आलं नाही. आई म्हणाली, "दुध्या घ्या आदी, आजच काढलाय. खोबरं हाय नुसतं."

रोहननं पोळीत मोठा घास धरला, तोंडात घातला, आणि त्याचं बोलणं बंद झालं. डोळे मोठे झाले. तोंडावर हात धरून तो बेसिनकडं पळाला. मायानं बोटाच्या टोकानं चाटून बघितलं, तोंड वाकडं केलं. "ताई, हे काय झालंय ओ?"

"आई," नीलिमा म्हणाली, "तुम्ही बघितला होता ना?"

आईनं अंकिताकडं बघितलं. तेवढ्यात अंकितानं आपल्या वाटीतला चमचा भरला, तोंडात घातला, आणि गिळला. जयराजला तिचा हात दिसला. सतरंजीवरनं सरकत तो आज्जीच्या हातावर गेला, आणि एकदा दाबला. एकदाच.

"मला तर गोड लागतंय," अंकिता म्हणाली. "मामाला काय कळतंय."

आईच्या खांद्यातला ताण उतरला, तो त्यानं बघितला. "व्हय की," ती म्हणाली. "साताऱ्याच्या मान्सांची जीभच नाजूक." आणि तिनं आपल्या वाटीतली डाळ भाकरीवर घेतली, खाल्ली. अंकितानं दुसरा चमचा खाल्ला. तिसरा. प्रत्येक चमच्याला ती हात दाबत होती, एकदा, एकदा, एकदा. नाकपुड्या थरथरत होत्या. ओठ आत ओढलेले. जयराजला डोळ्यांपुढं अण्णांचा तो गडी दिसत होता, रक्त ओकणारा. थांब, एवढंच म्हणायचं होतं. दोन अक्षरं. ती त्याच्या जिभेवर होती आणि जीभ टाळूला चिकटली होती, कारण आता थांब म्हटलं तर तुला कसं कळलं, असं सगळे विचारतील. त्यानं बाप म्हणून विचार केला नाही, मुलगा म्हणून केला नाही, कारकून म्हणून केला. चौथा चमचा पोरीच्या तोंडात गेला. तिच्या डोळ्यातनं पाणी वाहायला लागलं, आणि ती हसत होती.

आईनं ते पाणी बघितलं. एक क्षण बघितलं. मग भाकरी टाकून तिनं पोरीची वाटी हिसकावली, तिच्या तोंडात दोन बोटं घातली, म्हणाली, "थुक. थुक म्हनते न्हवं." आणि तिच्या पाठीवर हात ठेवून वर बघितलं, सगळ्यांकडं.

"मला चव न्हाई," ती म्हणाली. "चार सालं झाली. कडू, गोड, काई कळत न्हाई. पोरीला इचारून सांगत हुते मी. पोरीला बोलू नका."

बेसिनचा नळ चालू होता. आईची नजर नीलिमावरनं, मायावरनं फिरत फिरत जयराजच्या ताटावर आली आणि थांबली. मेथी होती, वांगं होतं, चवळी होती.

"तुज्या ताटात दुध्या न्हाई, जया," ती म्हणाली.

अंकितानं मान वळवली. तिनंही बापाचं ताट बघितलं. तिच्या हनुवटीवरनं थुंकी ओघळत होती, ती तिनं पुसली नाही.

तासाभरात दोघींना ओकाऱ्या सुरू झाल्या. रोहननं गाडी काढली. जवळच्या दवाखान्यात दोघी शेजारशेजारच्या कॉटवर, दोघींना सलाइन. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. जयराज घरी कपडे घ्यायला आला तेव्हा मोरीत सगळं तसंच होतं. त्यानं बादलीनं पाणी ओतलं. ओतता ओतता तो वाकून बघत होता, जाळीत काय अडकतंय ते. बराच वेळ बघत होता. मग त्याच्या ध्यानात आलं की आपण बी शोधतोय.

चौथ्या दिवशी हिंदुराव जीप घेऊन आला. नीलिमा रडली, म्हणाली राहा आई, खोलीचं बघू काहीतरी. खरं म्हणाली. आई म्हणाली, "न्हाई बाई. तितं बसून खायाचं हाय, त्येला चव कशाला लागती." मग ती जिना चढून गच्चीवर गेली. जयराज मागं गेला, पण दारातच थांबला. तिनं वेल मुळापाशी दोन्ही हातांनी धरला आणि उपटला. लोखंडी अँगलच्या मांडवावरची सगळी हिरवी झूल खाली आली, बारके दुध्ये फरशीवर आपटले. तिनं हात पदराला पुसले. त्याच्या बाजूनं जाताना म्हणाली, "ह्येचं बी धरू नगं." बाकी काही नाही. ताटाचं तर नाहीच.

आता गच्ची तो एकटाच बघतो. गेल्या रविवारी वांगी निघाली, काळीशार, बी नसलेली. त्यानं गॅसवर भाजली, साल काढली, कच्चा लसूण ठेचून घातला, वर कांद्याची पात. असं भरीत त्यानं आयुष्यात खाल्लं नव्हतं, खरंच सांगायचं तर मेढ्यातसुद्धा नाही. त्यानं भाकरीवर घेऊन अंकिताच्या ताटात ठेवलं. "बघ," म्हणाला.

अंकितानं भाकरीला हात लावला नाही. तिनं आधी त्याच्या ताटाकडं बघितलं. भरीत होतं. तरी ती थांबली. त्यानं घास घेतला, चावला. "गोड आहे," तो म्हणाला.

ती त्याच्या गळ्याकडं बघत होती, घास खाली जातो का ते.